हेड उघडण्याआधी: रत्नागिरीतल्या एका तापणाऱ्या गाडीचं प्रकरण

गाडी १.२ लिटरची पेट्रोल हॅचबॅक, नऊ वर्षं वापरलेली, एक लाख किलोमीटरच्या थोडी पुढे गेलेली. भाट्याच्या बाजूला, समुद्राच्या अगदी जवळ, माडाखाली उघड्यावर उभी असते. तक्रार अशी: आंबा घाट चढताना एसी लावला की लाल दिवा पेटतो. रत्नागिरीच्या बाजारात वाहतुकीत अडकली की एसीची हवा कोमट होते. महिन्याला साधारण अर्धा लिटर पाणी कमी होतं, पण गाडीखाली थेंब दिसत नाही. उलट हातखंब्यापर्यंतच्या सपाट रस्त्यावर इंजिन नीट गरमच होत नाही आणि ॲव्हरेज घसरलं आहे.

आधीच्या गॅरेजमध्ये तीन कामं झाली होती. थर्मोस्टॅटचा वॉल, म्हणजे इंजिन गरम झाल्यावरच पाण्याला रेडिएटरची वाट उघडून देणारी झडप, काढून टाकला होता. रेडिएटरचा फॅन ‘डायरेक्ट’ केला होता, म्हणजे चावी फिरवली की सतत चालू. रेडिएटरचं झाकण बाजारातलं, मापाला बसणारं, नवं घातलं होतं. यातलं काहीच लागू पडलं नाही तेव्हा ‘हेड गॅसकेट गेलं, हेड उतरवावं लागेल’ असा निर्णय झाला. (हेड म्हणजे इंजिनचा वरचा भाग, गॅसकेट म्हणजे तो आणि खालचा ब्लॉक यांच्या मधली सील.) मालकाने तिथे थांबून दुसरीकडे तपासणी मागितली, हे फार बरं झालं.

‘उन्हामुळे तापते’ हे कारण पहिल्यांदा बाजूला ठेवायला हवं. रत्नागिरीत मे महिन्यातही पारा बहुधा ३३-३४ अंशांच्या आसपास असतो. हीच गाडी विदर्भात ४५ अंशांत एसी लावून फिरते आणि तापत नाही. कोकणातली गाडी ३३ अंशांत तापत असेल तर कूलिंग सिस्टिममध्ये नक्की काहीतरी बिघडलेलं आहे, आणि ते शोधून सापडतं.

तापण्याची वेळ काय सांगते

गाडी उभी असताना किंवा रांगेत सरकताना तापली आणि वेग घेतल्यावर थंड झाली, तर संशय फॅनवर. सपाटीला वेगात किंवा चढावर तापली आणि उभी केल्यावर थंड झाली, तर संशय पाण्याच्या प्रवाहावर किंवा रेडिएटरच्या उष्णता सोडण्याच्या क्षमतेवर. थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरातच वरचा होज पाइप दगडासारखा कडक झाला, तर हेड गॅसकेटवर. या गाडीत पहिली दोन्ही लक्षणं होती, तिसरं नव्हतं. म्हणजे दोष एकापेक्षा जास्त असण्याची शक्यता होती आणि हेडवर जाण्याचं काही कारण नव्हतं. शिवाय सपाटीला जरुरीपेक्षा थंड राहणं हे वॉल काढल्याचं लक्षण. मूळ आजारात दुरुस्तीने आणखी एक भर टाकली होती.

या गाडीत तापमानाचा काटा नाही, फक्त निळा आणि लाल दिवा आहे. लाल दिवा पेटतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. त्यामुळे ओबीडी सॉकेटला (गाडीच्या कॉम्प्युटरची माहिती वाचायच्या जागी) ब्लूटूथ रीडर लावून मोबाइलवर कूलंटचं, म्हणजे इंजिनमध्ये फिरणाऱ्या पाण्याचं, तापमान पाहिलं. सेन्सर खरं बोलतो का, हे आधी तपासलं. रात्रभर उभ्या असलेल्या इंजिनमध्ये सकाळी कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान दोन-तीन अंशांच्या आत जुळायला हवं. इथे २७ आणि २८ आलं. पुढे इंजिन गरम झाल्यावर इन्फ्रारेड गनने वरच्या होज पाइपवर मोजलं, तेही जुळलं. गन रबरावर किंवा काळ्या इन्सुलेशन टेपच्या तुकड्यावर धरायची. चकचकीत ॲल्युमिनियमवर ती खऱ्यापेक्षा बरंच कमी तापमान दाखवते आणि माणूस फसतो.

सुरुवातीचे आकडे: सपाटीला ताशी ६० किमी वेगाने ७१ अंश, एसी लावून उभ्या गाडीत २० मिनिटांनी १०४, आणि साखरपा सोडून घाट चढायला लागल्यावर दुसऱ्या गिअरमध्ये ११२. तिथे चाचणी थांबवली.

पाणी कुठे जातं

थंड इंजिनवर रेडिएटरचं झाकण उघडलं. आतलं पाणी गढूळ तपकिरी, कूलंटचा रंग नावालाच. वर्षभर विहिरीचं पाणी भरलं जात होतं. झाकणाच्या जागी हातपंप लावून सिस्टिमवर १.१ बार दाब दिला आणि २० मिनिटं सोडला. काटा हलला नाही. गरम इंजिनवर पुन्हा केलं, तरीही नाही. म्हणजे होज, रेडिएटर, पंप, हीटर कुठेच गळती नाही.

मग झाकण पंपाला लावून तपासलं. झाकणावर १.१ छापलेलं, पण ते ०.६ बारलाच उघडत होतं. अर्ध्या लिटरचा हिशोब इथे लागला. पाणी एरवी १०० अंशांना उकळतं. १.१ बारचा जादा दाब असेल तर तेच सुमारे १२१ अंशांपर्यंत टिकतं. झाकण ०.६ ला उघडलं तर ही मर्यादा ११३ च्या जवळ येते, आणि इंजिनच्या डोक्यातल्या तापलेल्या भिंतीलगत पाणी त्याआधीच बुडबुडे धरतं. घाटात झाकण उघडून पाणी बाजूच्या जादा पाण्याच्या बाटलीत जायचं, बाटली भरून वाहायची आणि ते चाकाच्या कमानीत सांडून वाऱ्याने वाळायचं. घरी पोहोचेपर्यंत काही खूण उरत नसे. झाकण नवं आहे म्हणून चांगलंच असेल, हे धरून चालता येत नाही. ते दाब देऊनच तपासावं.

हेड गॅसकेटची शंका मात्र पूर्ण फेडून घेतली. इंजिन गरम असताना, रेडिएटरच्या तोंडातली पातळी थोडी कमी करून, ब्लॉक टेस्टर लावला. या नळीत निळा द्रव असतो. सिलिंडरमधला जळलेला वायू पाण्यात येत असेल तर तो पिवळा होतो. आधी आयडलवर, मग ३००० आरपीएमवर दोन-दोन मिनिटं पाहिलं. निळा तो निळाच राहिला. चारही स्पार्क प्लग एकाच रंगाचे. डिपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ.

ऑइल भरायच्या झाकणाखाली मात्र पिवळसर साय होती, आणि आधीच्या निदानाचा मुख्य आधार तोच होता. कोकणात पावसाळ्यात छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत अशी साय हमखास धरते. इंजिन पूर्ण गरम होत नाही, आतली वाफ थंड झाकणाला लागून ऑइलमध्ये मिसळते. इथे तर वॉल काढल्यामुळे इंजिन ७१ अंशांवरच फिरत होतं, म्हणजे साय धरायला आणखी अनुकूल. डिपस्टिकवर दुधाळ ऑइल दिसलं तर गोष्ट गंभीर. फक्त झाकणाखाली दिसलं तर ते पुसावं आणि गाडी लांब पळवून पुन्हा पाहावं. या एका खुणेवर हेड उतरवणं म्हणजे मालकाचे पैसे आणि चांगलं जमलेलं इंजिन, दोन्ही उगीच खर्ची घालणं.

फॅन फिरतो, पण किती?

फॅन सतत चालू होता, म्हणून त्याच्याकडे कुणी पाहिलं नव्हतं. बॅटरीवर १३.९ व्होल्ट असताना फॅनच्या कपलरवर (वायर जोडायच्या सॉकेटवर) १०.६ व्होल्टच मिळत होते. बाकीचे ३.३ व्होल्ट कुठे जातात ते शोधायला मीटरची एक वायर बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरी फॅनच्या प्लसवर लावली, तेव्हा ०.९ आलं. बॅटरीच्या मायनसपासून फॅनच्या मायनसपर्यंत २.४. ही मोजणी फॅन चालू ठेवूनच करायची असते. बंद फॅनवर वायर खराब असली तरी मीटर पूर्ण व्होल्टेज दाखवतो.

मायनसचा दोष पुढच्या पत्र्यावरच्या अर्थिंगच्या बोल्टखाली होता. रिंग लगखाली (वायरच्या टोकाच्या गोल कडीखाली) पांढरी-हिरवी भुकटी, पत्र्याला गंज. खाऱ्या हवेत हे ठरलेलं. प्लसचा दोष ‘डायरेक्ट’ करताना ओढलेल्या बारीक वायरचा. त्या वायरला फ्यूज नव्हता. फॅन जाम झाला असता तर वायर तापून बॉनेटखाली आग लागली असती. म्हणून एखाद्याने फॅन डायरेक्ट करून दिला असेल तर ती दुरुस्ती धरू नये. फार तर घरी पोहोचण्यापुरती सोय, तीही फ्यूजसह.

मूळ रिले आणि वायरिंग पूर्ववत केलं. बोल्टखालचा पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, नवीन लग दाबून बसवला, घट्ट केल्यावर वरून पेट्रोलियम जेली लावली. कपलरच्या पिना हिरव्या पडल्या होत्या, तो तुकडाच बदलला. आता फॅनवर १३.४ व्होल्ट, मायनसकडची घट ०.१५. फॅनचा आवाज बदललेला लांबूनही कळत होता.

वॉल का हवाच

‘आपल्याकडे कुठे थंडी, वॉलची गरज काय’ हे वाक्य कोकणातल्या बऱ्याच गॅरेजमध्ये ऐकू येतं. या जातीच्या इंजिनात वॉलला दोन झाकणं असतात. गरम झाल्यावर एक रेडिएटरची वाट उघडतं आणि त्याच हालचालीत दुसरं बायपासची वाट बंद करतं. वॉलच काढला तर बायपास कायम उघडा राहतो. पाण्याचा एक भाग रेडिएटरला वळसा घालून गरमच्या गरम इंजिनात परत येतो. सपाटीला ते खपून जातं, कारण उष्णता कमी असते. घाटात सगळं पाणी रेडिएटरमधून जायला हवं, नेमकं तेव्हाच ते जात नाही. थंड इंजिनला कॉम्प्युटर जास्त पेट्रोल देतो, म्हणून ॲव्हरेजही पडतं.

८२ अंशांचा नवीन वॉल घातला. बसवण्याआधी पातेल्यात पाणी तापवून, तळाला न टेकवता दोऱ्याने टांगून पाहिला. ८२ च्या आसपास हलायला लागला, ९५ ला ८ मिमीपेक्षा जास्त उघडला. त्यावरची छोटी हलणारी पिन वरच्या बाजूला येईल असा बसवायचा, म्हणजे अडकलेली हवा तिथून निघते.

फॅन, वॉल, १.१ बारचं तपासलेलं झाकण, एवढ्यावर पुन्हा पाहणी झाली. सपाटीला ८८. उभ्या गाडीत ९७ ला फॅन लागतो, ९२ ला बंद. बाजारातली तक्रार मिटली. घाटात मात्र अजूनही १०७, आणि चढतं. गाडी इथेच परत दिली असती तर पुढच्या सुट्टीत लाल दिवा पुन्हा पेटला असता.

खालचा होज पाइप

उरलेल्या दोषासाठी दोन्ही होज पाइपवर तापमानाच्या वायर-प्रोब बांधल्या, वरून फोमचा तुकडा गुंडाळला आणि मीटर केबिनमध्ये आणला. घाटात, एसी लावून, दुसऱ्या गिअरमध्ये: वरचा पाइप १०७, खालचा १००, आणि दोन्ही चढत होते.

९५ च्या वर वॉल पूर्ण उघडलेला असतो. तिथून पुढे तीनच गोष्टी उरतात: पंप, रेडिएटर आणि त्यातून जाणारी हवा. पंप कमकुवत असता किंवा रेडिएटरच्या नळ्या आतून चोंदल्या असत्या, तर थोडंच पाणी सावकाश गेलं असतं आणि खालचा पाइप बराच थंड लागला असता. इथे पाणी भरपूर वाहत होतं, पण बाहेर ३३ अंशांची हवा असूनही १०० अंशांनीच परत येत होतं. पाणी आपली उष्णता हवेला देतच नव्हतं. आधी ही मोजणी वॉल नसताना केली असती तर तिचा अर्थ लागला नसता. बायपास उघडा असताना पाण्याचा किती भाग कुठून जातो ते कळत नाही. म्हणून वॉल आधी, प्रोब नंतर.

रेडिएटर वरून मोकळा करून मागे कलवला. पुढे एसीचा कंडेन्सर, मागे फॅनचं आवरण, त्यामुळे एरवी रेडिएटरची जाळी कुणालाच दिसत नाही. मधल्या फटीत लाल मातीचा चिकट थर होता. पावसाळ्याआधी गाडीला खालून ऑइल-डिझेल मारून घेतात, त्याचा तुषार इथवर येतो आणि त्यावर जांभ्याची धूळ बसते. साध्या बागेच्या पाइपने, इंजिनच्या बाजूने पुढे, कमी दाबाचं पाणी सोडलं. मातीबरोबर पांढऱ्या चकत्या गळायला लागल्या. खालच्या जवळपास एक तृतीयांश भागातल्या फिन, म्हणजे नळ्यांमधल्या उष्णता हवेत सोडणाऱ्या पातळ पट्ट्या, नखाने भुकटी होत होत्या. नळ्या शाबूत होत्या, म्हणून गळती नव्हती आणि दाबाची चाचणी पास होत होती. पण फिन आणि नळी यांचा सांधाच उरला नव्हता.

किनाऱ्यावर बरेच रेडिएटर असे बाहेरून जातात. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ थर असतो, तो त्याला वाचवतो. मिठातलं क्लोराइड तो थर जागोजागी फोडतं. फिन कागदासारखी पातळ, त्यामुळे आधी ती जाते. खालचा भाग आधी जातो, कारण ओल आणि माती तिथे साचते. गुहागर, दिवेआगरसारख्या पुळणींवर गाडी उतरवणाऱ्यांचं नुकसान तर झपाट्याने होतं. वाळूत रुतलेलं इंजिन कमी वेगात पूर्ण जोर लावतं आणि खारं पाणी थेट जाळीवर उडतं. पुळणीवर गाडी नेऊच नये. नेलीच तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने पुढून-मागून धुवावी.

काम

रेडिएटर नवीन घातला. वरचा होज फुगलेला होता, म्हणून दोन्ही होज आणि क्लॅम्प बदलले. वॉटर पंपाच्या खालच्या छिद्राशी वाळलेला डाग नव्हता, पुलीला खेळ नव्हता, पंप तसाच ठेवला.

जुनं पाणी काढून डिमिनरलाइज्ड पाण्याने इंजिन तीन वेळा धुतलं. प्रत्येक वेळी वॉल उघडेपर्यंत इंजिन चालवलं, हीटर पूर्ण गरमवर ठेवला, थंड होऊ दिलं, मग सोडलं. ॲसिड वापरलं नाही. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये ॲसिड घालणं सरळ नुकसानीचं.

कूलंट भरताना एक हिशोब नेहमी चुकतो. या गाडीत एकूण ४.८ लिटर मावतं, पण खालून सोडल्यावर २.६ लिटरच निघतं. धुण्यातलं २.२ लिटर साधं पाणी ब्लॉक आणि हीटरमध्ये राहतं. वरून तयार ५०-५० चं कूलंट २.६ लिटर भरलं तर आत प्रत्यक्षात २७ टक्केच मिश्रण होतं. म्हणून २.४ लिटर घट्ट, पाणी न मिसळलेलं कूलंट आधी ओतलं आणि उरलेलं ०.२ लिटर डिमिनरलाइज्ड पाणी. बाटलीत मात्र तयार मिश्रण, मिन आणि मॅक्सच्या मध्ये. आपल्याकडे पाणी गोठण्याची भीती नाही. कूलंट हवं ते गंजरोधकांसाठी आणि उकळबिंदू वाढवण्यासाठी. हिरवा, लाल, निळा हा रंग कंपनीनुसार बदलतो, त्यावरून प्रकार ठरवता येत नाही. गाडीच्या पुस्तिकेतला प्रकार पाहावा आणि दोन प्रकार मिसळू नयेत.

हवा काढायला गाडी चढावर, तोंड वर करून उभी केली. झाकण उघडं, हीटर पूर्ण गरमवर, होज हाताने दाबत इंजिन चालवलं. बुडबुडे थांबल्यावर झाकण लावलं आणि फॅन दोनदा चालू-बंद होऊ दिला. दुसऱ्या दिवशी थंड इंजिनवर पातळी पुन्हा भरली. पहिल्या दोन-तीन दिवसांत ती थोडी उतरणं साहजिक आहे.

त्याच घाटात, तेवढीच माणसं घेऊन, एसी लावून: वरचा पाइप ९७, खालचा ८४, माथ्यापर्यंत स्थिर. महिन्याभरात पाणी उतरलं नाही.

किनाऱ्यावरच्या गाडीसाठी

वर्षातून दोनदा, मे महिन्याच्या गर्दीआधी आणि दसऱ्याच्या सुमारास, रेडिएटर-कंडेन्सरमधली फट टॉर्चने पाहावी आणि हलक्या धारेने धुवावी. सर्व्हिसिंग सेंटरचा जोराचा फवारा जाळीवर मारू देऊ नये, फिन झोपतात. खालून ऑइल मारून घेताना पुढच्या जाळीवर पोतं टाकायला सांगावं. होज पाइपवर ऑइल लागू देऊ नये, रबर फुगतं. फॅनचं अर्थिंग दर पावसाळ्यानंतर उघडून घासावं. झाकणाचं रबर चिरलं किंवा कडक झालं की बदलावं. साधं कूलंट दोन वर्षांनी, लाँग लाइफ असेल तर पुस्तिकेत लिहिलेल्या मुदतीनुसार.

विहिरीचं पाणी चवीला गोड असलं तरी खाडीजवळ त्यात क्षार असतात, बोअरच्या पाण्यात चुना. पत्र्यावरून गोळा केलेल्या पावसाच्या पाण्यातही किनाऱ्यावर मीठ येतं. अडचणीत मिळेल ते स्वच्छ पाणी घालून घर गाठावं, मात्र पुढच्या आठवड्यात सिस्टिम धुवून घ्यावी.

घाटात लाल दिवा पेटला तर एसी बंद, हीटर पूर्ण गरम आणि ब्लोअर जोरात, काचा खाली, सुरक्षित जागा पाहून थांबावं. वाफ येत नसेल आणि फॅन चालू असेल तर इंजिन दोन मिनिटं आयडलवर राहू द्यावं. वाफ येत असेल किंवा इंजिनचा पट्टा तुटला असेल तर लगेच बंद. वरचा होज हाताने सहज दाबता येईपर्यंत झाकणाला हात लावू नये, त्याला अर्धा-पाऊण तास लागतो. कोरड्या, तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतलं तर हेड वाकतं किंवा चिरतं.

काढलेलं जुनं कूलंट परसात, गटारात किंवा विहिरीच्या कडेला ओतू नये. त्यातलं एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं, थोडंसं चाटलं तरी कुत्रं-मांजर दगावतं. ते जुन्या डब्यात, झाकण घट्ट लावून, मुलांच्या हाताबाहेर ठेवावं आणि जुनं ऑइल जमा करणाऱ्या सर्व्हिस सेंटरमध्ये वेगळं सांगून द्यावं.